आईंच्या डोळ्यांचं वेळापत्रक

रविवार. भाऊबीज होऊन गेली होती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायची होती. दुपारी ऐन जेवणाच्या वेळेला, आमच्या अमरावतीच्या घरी, पुढच्या खोलीत माझ्याविरुद्ध सभा भरली.

हजर: माझ्या सासूबाई, म्हणजे आई (पीडित व्यक्ती). त्यांची धाकटी बहीण, अकोल्याच्या शकूमावशी (फिर्यादी). मावशींचा मुलगा दिलीपभाऊ (गाडीचा ड्रायव्हर आणि पोलीस, दोन्ही एकच). शेजारच्या रझियाभाभी (साक्षीदार, बिचाऱ्या खिरीचं भांडं परत न्यायला आल्या आणि अडकल्या). मी (आरोपी).

गैरहजर: आमचे हे. हे जिलबी आणायला गेले होते. घरात काही पेटायच्या वेळेला हे नेहमी काहीतरी आणायला गेलेले असतात.

सभेपुढे विषय एकच होता. आईंना कायमचं अकोल्याला न्यायचं. त्यासाठी मावशींनी येतानाच एक मोठी रिकामी बॅग आणली होती आणि ती खोलीच्या मधोमध, चेन उघडून, आ वासून ठेवली होती.

हे इथपर्यंत कसं आलं, ते क्रमानं सांगते. क्रमानं सांगणं हा माझा धंदा आहे. मी शाळेत पर्यवेक्षिका आहे. कुठल्या वर्गाला कुठल्या तासाला कोण, हे मी ठरवते. गणिताच्या सरांना सलग तीन तास आले तर ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि चित्रकलेच्या बाईंना शनिवारचा शेवटचा तास दिला तर त्या माझ्याशी फारच बोलतात. तरी माझं वेळापत्रक कोसळत नाही. सुट्टी लागली, घर झाडून झालं, फराळ संपत आला, डब्यांना लेबलं लावून झाली. हाताला काम उरलं नाही. अशा वेळी आईंचे डोळे माझ्या नजरेस पडले.

डोळे लाल होते, सतत पाझरत होते. आई पदराचं टोक डोळ्यांत घालून खसाखसा चोळत होत्या आणि संध्याकाळी डोकं धरून बसत होत्या.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. दुपारची जेवणं आटोपली की आई अकोल्याला व्हिडिओ कॉल लावत. इकडे आई फोन साखरेच्या डब्याला टेकवायच्या, तिकडे मावशी पोह्यांच्या डब्याला. मग दोघी समोरासमोर बसून वाती वळायच्या. दिवे लागणीपर्यंत! बोलायच्या मात्र अजिबात नाहीत. मावशींना ऐकू कमी येतं आणि कानातलं यंत्र त्या लावत नाहीत ("कानात किडा फिरल्यावानी वाटते"). मी एकदा आईंना विचारलंही होतं, "आई, बोलायचंच नाही, तर फोन कशाला सुरू ठेवता?"

"बोलाले काय रायलं आता? जलमभर बोलतच आलो," आई म्हणाल्या. "थे दिसते न. बस झालं."

आता फोनमध्ये मावशी दिसणार त्या जायफळाएवढ्या. त्या नीट दिसाव्यात म्हणून आई साखरेचा डबा जवळ ओढायच्या. मग आणखी जवळ. शेवटी अशी वेळ आली, की आईंच्या श्वासानं मावशींवर धुकं धरू लागलं. बसायच्या त्याही स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कारण तिथे 'शकी उजळ दिसते'. आणि पापणी? पापणी हलवायचीच नाही!

"काहून आई?"

"अवं, नेटवर्क जाते न सारखं. मी पापणी मिटली, न् तेवढ्यात शकी गेली तं?"

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. सगळं तपासलं. मोठं काही नाही म्हणाल्या. चष्म्याचा नंबर थोडा बदलला. "आजी, स्क्रीनकडे एकटक पाहिलं की आपण पापण्या मिटायच्या विसरतो. मग डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि त्यांचं रक्षण करायला पाणी येतं."

आईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून, डॉक्टरांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोरड्या विहिरीले पाणी कसं येते वं? ही खरंच शिकेल हाये न?"

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले आणि चार साध्या गोष्टी सांगितल्या. फोन हातभर लांब ठेवायचा. खोलीत उजेड ठेवायचा आणि फोनचा उजेड कमी करायचा. दर वीस मिनिटांनी, वीस फूट लांबच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहायचं. मुद्दाम पापण्या मिटायच्या, चोळायचं नाही, आणि दमल्यासारखं वाटलं की दोन मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायचं.

"जमेल तसं करा," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी मला सांगायला नको होतं. 'जमेल तसं' या दोन शब्दांवर माझा विश्वास नाही.

घरी येताच मी पट्टी घेऊन वीस फूट मोजले. स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या मागच्या भिंतीपर्यंत चौदाच भरले. उरलेले सहा फूट भिंतीपलीकडे, रझियाभाभींच्या अंगणात जात होते, आणि वीस फूट बरोबर त्यांच्या कपड्यांच्या दोरीवर संपत होते. ठीक आहे. दोरी तर दोरी. मी दारात खडूनं फुली मारली. आईंनी फुलीवर उभं राहायचं आणि दोरीकडे पाहायचं. मग मी तक्ता केला, चार रंगांत, आणि फ्रिजवर लावला. दुपारी पहिला तास (वीस मिनिटांचा): मावशी. मग लांब पाहणे. दुसरा तास: मावशी. मग पुन्हा लांब पाहणे, थेंब, डोळे मिटून विश्रांती, आणि शाळा सुटली! दिवे लागणीपर्यंत चालणारी बैठक मी दोन तासिकांत बसवली. माझा मलाच अभिमान वाटला.

पहिल्या दिवशी मी फोनवरच गजर लावून दिला. तो वाजला, तेव्हा कोणाचा तरी फोन आला असं समजून आईंनी हिरवं-लाल जे दिसलं ते दाबलं आणि मावशी गेल्या. आई हबकल्या. तिकडे मावशी हबकल्या. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी शाळेची पद्धत आणली. वेळ झाली की पितळी ताट आणि पळी घेऊन स्वयंपाकघरात जायचं आणि ठण्णकन टोला द्यायचा.

"आई, वेळ झाली. उठा!"

आई बिचाऱ्या हातातली वात टाकून उठायच्या, फुलीवर जाऊन उभ्या राहायच्या आणि ओल्या डोळ्यांनी रझियाभाभींच्या दोरीकडे पाहत राहायच्या. तिसऱ्या दिवशी रझियाभाभी भिंतीवरून डोकावल्या.

"आई, कुछ चाहिए क्या?"

"नाई वं बाई. मी नुसती पाहून रायली."

"क्या देख रे?"

"काईच नाई," आई म्हणाल्या. खरंच होतं ते! पण रझियाभाभींचा जीव मऊ. एखादी म्हातारी बाई ओल्या डोळ्यांनी दारात येऊन उभी राहते, काहीच मागत नाही आणि ताट वाजलं की पुन्हा आत जाते (परत बोलवायलाही मी एक टोला द्यायचे), याचा त्यांनी एकच अर्थ लावला. संध्याकाळी भांडंभर खीर आली. "आई को देना, हं. तुम्हारे सामने खाने में शरमाते होंगे," असं त्या मलाच सांगून गेल्या. शेजारधर्म म्हणून मी ती आनंदानं घेतली. मला कसलीच शंका आली नाही. खीर उत्तम होती.

आता हाच प्रकार अकोल्याहून कसा दिसत होता, ते ऐका. मावशींना आवाज येत नाही. त्यांना दिसतं फक्त चित्र. आणि पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधलं त्यांचं चित्र असं: आक्का सुखानं वाती वळते आहे. एकदम मागून सून येते. तिच्या हातात ताट आणि पळी. ती पळी उगारते. आक्का दचकते, हातातलं टाकते आणि निमूटपणे घराबाहेर जाते. काही वेळानं परत येते, डोळे भरलेले. पुन्हा पळी, पुन्हा बाहेर. मग सून येऊन आक्काची हनुवटी धरते, डोकं मागे दाबते, डोळ्यांवर काहीतरी करते, आणि आक्काच्या गालांवरून पाण्याच्या धारा लागतात. आक्का दोन्ही हातांनी तोंड झाकून घेते. सून फोन उचलते. अंधार.

हे रोज! तेही दिवाळीत!

मावशींनी दिलीपभाऊंना सांगितलं, "आक्काले ताट वाजवून घराबाहेर काढतेत."

दिलीपभाऊ म्हणाले, "माय, वहिनी तशी नाई वं. मी फोन करून विचारतो."

"खबरदार! फोन केला तं सावध होतीन."

त्या रविवारी सकाळी गाडी निघाली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी मावशींनी मांडीवरच्या रिकाम्या बॅगेवरचा हात सोडला नाही, असं दिलीपभाऊंनी नंतर सांगितलं.

दारात गाडी थांबली तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. मावशी अचानक आलेल्या पाहून मला इतका आनंद झाला, की मी हातात पळी घेऊनच धावले. ती पळी पाहताच मावशी दारातच थांबल्या.

"पाय दिलीप, पाय! मी खोटी सांगत होती का?"

मावशींशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं आणि मावशी स्वतःही ओरडूनच बोलतात. त्यामुळे पुढची सगळी सभा आमच्या गल्लीनं घरबसल्या ऐकली.

"सुनबाई, आमी तुले चांगल्या घरची समजत होतो!"

"मावशी, झालं तरी काय?"

"माह्या आक्काले काहून रडवतं तू?"

"रडवत नाही हो! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"डॉक्टरनं सांगतलं रडवाले?"

दिलीपभाऊ मध्ये पडले. ते शांत माणूस आहेत, पंचायतीत काम केल्यासारखे बोलतात. "वहिनी, तुमचं काई चुकलं असं आमी म्हणत नाई. पण ताट वाजवता का तुमी?"

"वाजवते."

"मावशीले घराबाहेर उभं करता?"

"करते, पण..."

"अन् फोन हिसकून घेता."

"दोन तासिका झाल्या की घेते!"

प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तरानं मी आणखी खोल जात होते. मी आईंकडे पाहिलं. आई बहिणीचा हात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून नेहमीप्रमाणे पाणी येत होतं! नेमक्या तेव्हाच मागच्या दारातून रझियाभाभी भांडं न्यायला आल्या. मी त्यांना देवासारखं धरलं.

"भाभी, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही रोज बघता ना?"

"हाँ हाँ, देखती ना," रझियाभाभी म्हणाल्या. "बर्तन बजा के आई बाहर आते. खडे रहते, आंखों में पानी. मैंने पूछा तो बोले, कुछ नहीं. बहुत सबर है आई को. मेरे को लगा भूख लगी होगी, तो मैंने खीर लाई. इनके हाथ में दी."

"मंग? आक्काले भेटली का खीर?" मावशींनी विचारलं.

सगळे आईंकडे पाहू लागले. आई सत्यवचनी. "वाटीभर भेटली," त्या म्हणाल्या.

(त्यांना साखर वर्ज्य आहे! पण हे सांगायची संधी मला कोणी दिली नाही.)

शेवटी मी शाळेत करते तेच केलं. प्रात्यक्षिक! थेंबांची बाटली आणली आणि मावशींना जाजमावर बसवलं. तसे मावशींचेही डोळे लालच होते. आईंचा फोन दोन तासिकांत सुरू-बंद होत असला, तरी मावशी त्यांच्या फोनसमोर दुपारभर बसून असायच्या, न जाणो आक्का पुन्हा दिसली तर. "मावशी, वर पाहा. चुरचुरणार नाही," मी ओरडले. त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग वर पाहिलं. मी थेंब घातले. गालांवरून धारा आल्या. "आता डोळे मिटा आणि वरून तळहात ठेवा." ठेवले. साथ म्हणून आईंनाही थेंब घातले. त्यांनीही तळहात ठेवले. दिलीपभाऊ म्हणाले, "वहिनी, गाडी चालवून माहेबी डोये जळजळून रायले." हे थेंब डॉक्टरांना विचारूनच घालावेत, असा उपदेश मी फक्त दिलीपभाऊंना केला आणि त्यांना नुसतं डोळे मिटून बसायला सांगितलं. तेही भिंतीला टेकून, हातांनी तोंड झाकून बसले. रझियाभाभींना एकटीनंच टकटक पाहत उभं राहणं बरं वाटेना. त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला. माझ्या डोळ्यांतही कढीच्या फोडणीची मिरची गेली होतीच.

अशा वेळी हे जिलबी घेऊन दारात आले.

दारात अकोल्याची गाडी. आत सगळे जाजमावर ओळीनं बसलेले, तोंडं झाकलेली. कोणी बोलत नाही. मधोमध उघडी बॅग. शेजारची बाई पदर डोळ्यांना लावून उभी. यांनी एका क्षणात सगळं ओळखलं. चपला हळूच बाहेर काढल्या. जिलबीची पुडी दाराआड ठेवली, म्हणजे कोणाला दिसू नये. आत येऊन दिलीपभाऊंच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिलीप," हे अगदी हळू म्हणाले, "काका कुठी हायेत?"

काका म्हणजे मावशींचे यजमान. दिलीपभाऊ मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "घरीच हायेत. झोपून. आमी निगालो तवा उठवलं नाई."

एवढं ऐकलं आणि यांना हुंदका फुटला. यांना काकांनी सायकल शिकवली होती, पोहायला शिकवलं होतं, नापास झाल्यावर लपवलंही होतं. हे मनापासून रडू लागले. ते ऐकून आईंनी डोळ्यांवरचे हात काढले.

"काय झालं रे विजू?"

"काका गेले अन् मले कोणी सांगतलं बी नाई!"

"कुठी गेले?" दिलीपभाऊ ताडकन उठले.

मावशींना यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांना फक्त दिसलं, की विजूही रडतो आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यालेबी?"

उलगडा होईपर्यंत कढी करपली. अकोल्याला फोन झाला. काका झोपेतून उठून फोनवर आले आणि भाच्याचा रडका आवाज ऐकून त्यांनीच विचारलं, "कोण गेलं बे?" तेव्हा कुठे सगळे हसले. आधी दिलीपभाऊ, मग रझियाभाभी, मग आई. मावशींना दिलीपभाऊंनी खाणाखुणा करून आणि कानाशी ओरडून सगळं समजावलं. त्यांनी फ्रिजवरचा तक्ता पाहिला, दारातली फुली पाहिली, थेंबांची बाटली हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "बाप्पा! मी तं तुले पार राक्षसीण ठरवलं होतं वं!" दाराआडची जिलबी बाहेर आली. मी निर्दोष सुटले होते. दिलीपभाऊंनी बॅग उचलली आणि चेन लावायला घेतली.

मावशींनी त्यांचा हात धरला. "थांब जराकसं." मग बहिणीकडे वळून, या वेळी न ओरडता, म्हणाल्या, "आक्का, आता एकदा तूच सांग. येतं का माह्याकडे?"

आई लगेच 'नाई' म्हणतील, असं मला वाटलं. मी लग्न होऊन या घरात आले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. माझ्या मुलीचं न्हाऊमाखू आईंनी केलं. मी शाळेत असले की दुपारचं ताट त्या झाकून ठेवतात, आणि पोळ्या मऊ राहाव्यात म्हणून फडक्यावर फडकं घालतात. त्या 'नाई'च म्हणणार.

आई बॅगेकडे पाहत राहिल्या.

माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे पाहिलं.

"आई?" मी म्हणाले.

"तू चांगलीच हायेस वं," आई म्हणाल्या. "तुह्याबद्दल काई नाई. थेंब टाकतं, पथ्य करतं, सक्क्या मायनं नसतं केलं एवढं. पण थो कागद..." त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. "माही बहीण मी घंटी वाजली का पाहावं, न् घंटी वाजली का सोडावं? आमी दोघी कितीक दिवसाच्या आता? ताट वाजलं, का माह्या हातची वात खाली पडते. थ्या दारात जाऊन उभी रायते, तवा डोयातलं थेंबाचं पाणी कोणतं न् माहं कोणतं, मलेच समजत नाई."

हे त्या अगदी हळू बोलल्या होत्या. मावशींना ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी मावशी म्हणाल्या, "मी सांगत नोती का?"

मी डोळे पाहिले होते, अंतर मोजलं होतं, उजेड मोजला होता. त्या एवढ्याशा काचेतून आई कोणाला पाहतात, ते तेवढं माझ्या तक्त्यात बसलं नव्हतं. मी उठले, फ्रिजवरचा तक्ता काढला आणि करपलेल्या कढीचं पातेलं त्याच्यावर ठेवलं. दुसरं काही सुचलं नाही.

"आई," मी म्हणाले, "तुम्हाला जायचं असेल तर जा. मी बॅग भरून देते. पण मला तुमच्याशिवाय..." इथे माझं वाक्य संपलं. मी वर्गात चाळीस मिनिटं न थांबता बोलू शकते!

"अवं, जाते कुठी मी!" आई एकदम रागावल्या. "तुले धड कढीची फोडणी जमत नाई. तुमाले सोडून जाऊ? थो कागद नको म्हटलं फक्त."

बॅगेचा निकाल मावशींनीच लावला. त्या म्हणाल्या, आणलीच आहे तर आता रिकामी कशाला न्यायची, मीच राहते. दिलीपभाऊ ती रिकामीच बॅग घेऊन एकटे परत गेले आणि मावशींचे कपडे पुढच्या एसटीनं त्याच बॅगेतून आले. पुढचे आठ-दहा दिवस दोघी बहिणी मागच्या अंगणात उन्हाला पाठ करून बसल्या आणि वाती वळत राहिल्या. दोघींच्या मध्ये काच नव्हती, उजेड भरपूर होता, आणि शेजारी रझियाभाभींशी गप्पा होत्या. दोघींचे डोळे आपोआप निवळले. मी एकही टोला दिला नाही. (एकदा सवयीनं पळी उचलली होती. तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी वरण ढवळलं.)

मावशी परत जायची वेळ आली, तेव्हा मात्र प्रश्न पुन्हा उभा राहिला. तोडगा यांनी काढला. यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या घरचा टीव्ही अर्थातच कित्येक महिने बंद होता. यांनी तो दुरुस्त केला आणि त्याला व्हिडिओ कॉल जोडून दिला. दिलीपभाऊंनी अकोल्याला तेच केलं. आता मावशी भिंतीवर चांगल्या परातीएवढ्या दिसतात. आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ खुर्चीवर बसतात. दिवा सुरू असतो. नजर ताणावी लागत नाही, पापण्या आपोआप लवतात, आणि एक लवली म्हणून मावशी कुठे जात नाहीत. डॉक्टरीणबाईंनीही, एवढं लांबून मोठं चित्र पाहणं फोनपेक्षा पुष्कळ बरं, असं सांगितलं. फक्त मधून उठून फिरत चला, म्हणाल्या. त्यासाठी घड्याळ लागत नाही. दूध तापत ठेवलं की आई उठतातच.

एकच अडचण झाली आहे. टीव्हीवरून मावशींना आमची पुढची खोली आणि स्वयंपाकघर, दोन्ही दिसतात. आणि माझं टेबल त्याच खोलीत आहे. दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक मी संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर करत बसते.

"सुनबाई!" अकोल्याहून हाक येते. सगळी गल्ली ऐकते. "किती येळची बसून हायेस वं? डोये पाय तुहे, टमाट्यासारखे झाले!"

"होतंच आहे मावशी, एवढा शनिवार बसवला की झालं!" मी ओरडून सांगते.

"शनवार पयत नाई कुठी! ऊठ. जराकशी अंगणात जाय. आक्का, तुह्या सुनेले सांग!"

"माहं आयकते का थे?" आई म्हणतात, आणि मी उठून अंगणात जाते. तिथे दोरीवर रझियाभाभींचे कपडे वाळत असतात. मी मुकाट त्यांच्याकडे पाहत उभी राहते. बरं वाटतं, हे मी त्या दोघींना सांगणार नाही.

मावशींनी आता रोजचा धोशा लावला आहे: तुझे डोळे डॉक्टरांना दाखव. संध्याकाळी कपाळ दुखतं, अक्षरं दोन दोन दिसतात, तेव्हा दाखवायला पाहिजे हे मलाही पटतं. दवाखान्यात फोन करून वेळ घ्यायची, एवढंच काम आहे. पण आईंचा फोन जुना, तो टीव्हीला जोडता येत नाही. म्हणून दुपारपासून दिवे लागणीपर्यंत माझा फोन टीव्हीला जोडलेला असतो, आणि दवाखान्याची फोनची वेळही नेमकी तीच आहे. त्यामुळे वेळ घ्यायची अजून राहिली आहे. असली कारणं मी शाळेत एकाही मुलाची ऐकून घेत नाही.